सात डागांचा पंचनामा

२००१ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार. सकाळपासून मी मुद्देमालाच्या खोलीत होते. वार्षिक तपासणी आठवड्यावर आली होती आणि जप्त केलेल्या पाणमोटारींपैकी चारांवरची लेबलं उंदरांनी खाल्ली होती. कुठली मोटार कुठल्या गुन्ह्यातली हे रजिस्टरशी ताडायचं, नवं लेबल बांधायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि लाखेचं सील मारायचं, असं ते काम. त्या दिवसातल्या वेळा मला आजही मिनिटांसकट आठवतात. त्यात स्मरणशक्तीची कमाल काही नाही. त्या वेळा मी स्वतःच्या हाताने स्टेशन डायरीत लिहिल्या आणि सांगूनही त्यातली एकही बदलली नाही, म्हणून आठवतात.

मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होते. ठाण्याचं नाव देत नाही, माणसांचीही देणार नाही. चूक माझी होती. आज त्या इमारतीत बसणाऱ्यांचा तिच्याशी संबंध नाही.

कोठडीत एकच आरोपी होता, त्या मोटारी चोरणारा. पन्नाशीचा, बोलका, तीन तालुक्यांतल्या विहिरी तोंडपाठ असलेला. चोरीच्या जागा दाखवायला त्याला बाहेर काढायचं म्हटलं की त्याच्या पोटात कळ यायची. त्या सकाळीही आली. आमचे हवालदार तीस वर्षं नोकरी झालेले. ते हातातल्या चहाला फुंकर मारत म्हणाले, "मॅडम, आपल्या कोठडीत जेवढ्यांची पोटं दुखतात तेवढी सगळ्या जिल्ह्यात दुखत नसतील." सगळे हसले. मीही हसले. पोटदुखीची आम्हा पोलिसांना दोनच कारणं माहीत होती: एक तर माणूस फवारणीचं औषध प्यायलाय, नाहीतर नाटक करतोय.

दहा चाळीसला फोन आला. एका द्राक्ष बागायतदाराची बायको बोलत होती. त्यांच्या बागेत काढणी चालू होती आणि सुरगाण्याकडची मजुरांची टोळी उतरली होती. त्या टोळीतली एक लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी त्या सकाळी क्रेट उचलताना वाकली, तेव्हा तिचं पोलकं वर सरकलं. बाईंनी पोटावरचे चटके पाहिले. बाई हळू आवाजात बोलत होत्या, मागे कोणीतरी ऐकत असावं. म्हणाल्या, "ताई, नवऱ्याचं काम आहे हे. पोरगी विचारलं तर चुलीवर पडले म्हणते. तुम्ही या, पण मी फोन केला असं सांगू नका."

अशा खबरीत खोटं फारसं नसतं. नवऱ्याचा मार लपवणारी बाई बहुधा चुलीचं, जिन्याचं नाहीतर न्हाणीघराचं नाव सांगते. मी चार वर्षांत कितीतरी ऐकल्या होत्या. मोटारी तशाच टाकून मी जीप काढली.

बागेच्या बांधाला टोळीच्या पालांची ओळ होती. मुलगी पालाबाहेर एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वय एकोणीस-वीस. नवरा शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेला, तिच्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. आम्हाला बघताच तो उठला आणि तिच्या आणि आमच्यामध्ये उभा राहिला. हे मी मनात टिपलं: बायकोला बोलू देत नाही. मुलगी उठली, कमरेत वाकून, उजवी मांडी आखडून चालत जीपपर्यंत आली. हेही टिपलं: मार बसलेला आहे.

आधी तिचं तोंड हुंगलं. फवारणीच्या औषधाचा वास नव्हता, लाळ गळत नव्हती, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या नव्हत्या, दरदरून घाम नव्हता. द्राक्षपट्ट्यात नोकरी करणाऱ्या पोलिसाला एवढं डॉक्टरकीचं ज्ञान असतंच. ते एक कारण निकालात निघालं. नाटकही नव्हतं. दुखण्याचं कारण मला पोटावरच दिसत होतं, सात चटके.

जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली. रस्ता खडीचा होता. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही तळवे सीटवर रोवून अंग वर उचलून धरायची आणि खालचा ओठ दातांत घ्यायची. मला वाटलं, घाबरली आहे.

अकरा वीसला आम्ही ठाण्यात पोहोचलो.

नियम सरळ आहे. जखमी माणूस समोर आला की आधी त्याला दवाखान्यात पाठवायचं. सोबत डॉक्टरांच्या नावे पोलिसांचं पत्र द्यायचं, त्याला आम्ही यादी म्हणतो. नियम मला पाठ होता. पण कामाची एक रीत असते आणि ती कुठे लिहिलेली नसते. नवऱ्याने छळलेली बाई एकदा दवाखान्यात गेली की तासाभरात सासर-माहेरचे गोळा होतात, आणि मग ती जबाबात चुलीवर पडल्याचंच सांगते. म्हणून आधी जबाब, मग यादी. ताजी आहे, एकटी आहे, तोवर लिहून घ्या. मला ही रीत माझ्या वरिष्ठांनी शिकवली होती, आणि मारहाणीच्या कितीतरी प्रकरणांत ती उपयोगी पडली होती. त्या दिवशी मी तिला माझ्या खोलीतल्या बाकावर बसवलं, नवऱ्याला ठाणे अंमलदाराच्या खोलीत खाली बसवलं आणि मधलं दार लावून घेतलं.

तिला चहा दिला, दोन बिस्किटं दिली. तिने चहाचे दोन घोट घेतले आणि पाच मिनिटांत खिडकीपाशी जाऊन उलटी केली.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"चुलीवर पडले."

"सात वेळा पडलीस?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. पुढचे दोन तास गप्पच राहिली. मी समजावलं, दरडावलं, थांबले, पुन्हा विचारलं. तिला घाम येत होता आणि ती थरथरत होती. फेब्रुवारीत, दुपारी बारा वाजता. मी कपाळाला हात लावला असता तर ताप कळला असता. मी हात लावला नाही, कारण मी जबाब घेत होते.

पलीकडच्या खोलीत हवालदार नवऱ्याला विचारत होते. चटके तूच दिलेस ना, या पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला, "मीच." का दिलेस, म्हटलं की जमिनीकडे बघायचा. हवालदारांनी एक ठेवून दिली. मी दारात उभी होते आणि मी थांबवलं नाही. हेही लिहिलं पाहिजे. कबुली मिळाली होती, बाईच्या अंगावर खुणा होत्या, दुखापतीचं कलम तीनशे चोवीस आणि विवाहितेच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव-अ डोळ्यासमोर दिसत होतं. फक्त तिचा जबाब बाकी होता.

हवालदार बाहेर आल्यावर एकदा म्हणाले, "मॅडम, त्या डोंगराकडं डाग देतात हो. लहान लेकरांना, पोट फुगलं की." मग त्यांनीच मान हलवली. "पण एवढ्या मोठ्या बाईला? आणि सात? आणि तसं असतं तर बोलला असता की तो." मलाही ते पटलं. खरं सांगायला जीभ कशाला अडखळेल?

दीडच्या सुमाराला मी दोन बायका पंच म्हणून बोलावल्या, गावातली अंगणवाडीची बाई आणि तिची मदतनीस. दार लावून तिच्या अंगावरच्या खुणांचा पंचनामा सुरू केला. फूटपट्टीने मोजायचं, जागा लिहायची, रंग लिहायचा, बाजूला आकृती काढायची. या कामात घाई चालत नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी घाई न करता तिच्याकडे पाहिलं.

चटके सात. सगळे गोल, सारख्याच मापाचे, द्राक्षाच्या मांडवाला वापरतात त्या जाड तारेच्या टोकाचे. तीन बेंबीभोवती, काळे पडून खपली धरलेले. चार खाली उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला. त्यातल्या दोनांवर पाणी भरलेले फोड, अगदी ताजे. पाठ कोरी. दंड कोरे, मांड्या कोऱ्या. मनगटावर पकडल्याची खूण नाही.

मी रागाने दिलेले चटके पाहिलेले होते. ते हात पोहोचेल तिथे बसतात, वेडेवाकडे ओढले जातात, कारण अंग आक्रसून बाजूला होतं. इथे सातही डाग पेनाने टिंबं द्यावीत तसे होते. म्हणजे ती हललीच नव्हती. कोणीतरी बांधून ठेवलं असेल, असा मी अर्थ लावला. आपल्या मनात एक गोष्ट तयार झालेली असली की समोरची नवी गोष्ट तिच्यातच बसवली जाते.

अंगणवाडीच्या बाईने मात्र आकृतीकडे पाहून विचारलं, "मॅडम, पोट सोडून दुसरीकडं कुठंच कसं नाही?"

मी आकृतीखाली 'इतरत्र खूण नाही' एवढं लिहिलं.

तीनच्या पुढे ती मुलगी आपणहून बोलली. चार तासांतलं पहिलं पूर्ण वाक्य. "बाई, आता दुखत नाय. थांबलं. मला घरी जाऊ द्या."

चेहरा खरोखर सैल झाला होता. पाय पण तिने जरा लांब केला. हवालदारांनी दारातून डोकावून सुस्कारा टाकला. मलाही बरं वाटलं. म्हटलं, आता बोलेल. तेवढ्या वेळात एक काम उरकून घेऊ, डाग किती दिवसांचे आहेत ते विचारून ठेवू. नाशिकला सरकारी रुग्णालयात एक सर्जन होते. दोन खुनांच्या खटल्यांत त्यांची साक्ष झाली होती, म्हणून ओळख. फटकळ माणूस, पण वकिलाच्या उलटतपासणीत न डगमगणारा. मी फोन लावला. निव्वळ पुराव्यासाठी.

त्यांना पंचनामा वाचून दाखवला. तीन बेंबीभोवती, खपली धरलेले. चार खाली उजवीकडे, ताजे.

"पहिले कुठले?" त्यांनी विचारलं.

"वरचे जुने दिसतात."

"दिसतात नको. विचारून या. मी फोन धरून बसतो."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि पलीकडच्या खोलीत गेले. नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता, गालावर बोटं उमटलेली. चार तास आम्ही त्याला एकच प्रश्न विचारत होतो, का दिलेस. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "आधी कुठं दिलास आणि मग कुठं, तेवढं सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सदरा वर करून स्वतःच्या बेंबीपाशी बोट ठेवलं.

"पयलं इथं. शनवारी सांजला. तिला खाऊच वाटंना. पोटात कसंतरी होतंय म्हणं. तीन दिलं. रातच्याला उलटी झाली. ऐतवारी दुखणं इकडं उतरलं." बोट बेंबीवरून तिरकं खाली, उजव्या बाजूला सरकलं. "मग इथं दोन. आज पहाटं अजून दोन. दुखणं जिथं गेलं तिथं दिलं, बाई. दुसरं कुठं नाय दिलं."

"मग आधी का नाही बोललास?"

"मुकादम म्हणला, डागाचं नाव काढू नका, पोलीस आत टाकत्यात. मागल्या साली आमच्याकडं एक बारकं पोर गेलं. त्याच्या आज्याला नेलं व्हतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून त्या दोघांनी एकमेकांनाच वाचवायचा प्रयत्न केला होता. ती त्याला आमच्यापासून वाचवत होती, तो तिला दुखण्यापासून. आणि छळलेली बाई आणि ही बाई, दोघींच्या गप्प बसण्यात मला काडीचाही फरक दिसला नव्हता.

मी धावत फोनपाशी आले. क्रम सांगितला.

"मॅडम," सर्जन म्हणाले, "तुम्ही मला मारहाणीचा पंचनामा वाचून दाखवत नाही आहात. तुम्ही अपेंडिक्सच्या पेशंटची हकिगत सांगताय. दुखणं बेंबीपाशी सुरू होतं, मग खाली उजवीकडे येऊन बसतं. भूक जाते, उलटी दुखण्यानंतर येते. नवऱ्याने तारेने तक्ता काढून ठेवलाय. चालते कशी?"

"वाकून. उजवा पाय आखडून."

"गाडीत खड्ड्याला त्रास?"

मला तिचे सीटवर रोवलेले तळवे आठवले. "हो."

"आत्ता कशी आहे?"

"आत्ता बरी आहे. दहा-पंधरा मिनिटांपूर्वी दुखायचं थांबलं."

माझ्या आवाजात थोडं समाधान होतं, ते मला स्वतःलाच ऐकू आलं. पलीकडून आवाज एकदम खाली आला.

"गाडी काढा. ते फुटलंय. ताण सुटला म्हणून तासभर बरं वाटतं, मग सगळं पोट धरतं. वाटेत जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून घ्या, पण थांबू नका. काही खायला-प्यायला दिलंत?"

"चहा."

"आता पाण्याचा थेंबही नको," ते म्हणाले. "नवऱ्याला आणा. सही लागेल," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तीन पंचवीसला जीप ठाण्याबाहेर पडली. अकरा वीस ते तीन पंचवीस. हा हिशेब मी पुढे अनेकदा केला आहे, त्यातून दरवेळी चार तास पाच मिनिटंच येतात.

नाशिकच्या वाटेवर, चांदोरीच्या अलीकडे तिला पुन्हा दुखायला लागलं. या वेळी ती कुशीवर वळली नाही, पायही जवळ घेतले नाहीत. ती मागच्या सीटवर एकदम सरळ, न हलता पडून राहिली. श्वाससुद्धा वरच्यावर घेत होती, जणू पोटाला कळता कामा नये. मी तळहात ठेवला. पोट फळीसारखं लागलं. अंग भाजत होतं. ड्रायव्हरला जोरात चालव म्हणावं तर खड्डे, हळू चालव म्हणावं तर वेळ. सर्जननी पाळीबद्दल विचारायला सांगायचं राहिलं असेल असं वाटून मी तिला तेही विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी, नेहमीसारखी. नवरा पुढे बसून मागे वळून पाहत होता. वाटेतल्या दवाखान्यात लावून घेतलेल्या सलाईनची बाटली मी हातात उंच धरली होती. तो म्हणाला, "द्या बाई, मी धरतो." मी दिली.

रुग्णालयात सर्जन दारातच उभे होते. त्यांनी पोटाला बोट लावलं आणि माझ्याकडे न बघता थिएटर तयार ठेवायला सांगितलं. संमतीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा हवा होता. शाई लावलेला अंगठा कागदावर टेकवण्याआधी त्याने मला विचारलं, "याच्यावरून मला आत घालणार का?" पोलिसांसमोर अंगठा म्हणजे कबुली, असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "हा तिच्या ऑपरेशनचा कागद आहे. आधी अंगठा दे." त्याने दिला.

सात वाजता सर्जन बाहेर आले. पोटात पू झाला होता. धुऊन काढला, नळी ठेवली. जगेल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "तरुण आहे. सकाळपर्यंत मी काही बोलत नाही."

ते व्हरांड्यात चहा घेत होते, तेव्हा मी विचारलं की मी काय बघायला हवं होतं. मला वाटलं, रागावतील. पण ते म्हणाले, "तुम्ही सगळं बघितलंत. पंचनाम्यात लिहिलंत सुद्धा. फक्त फिर्यादी कोण ते चुकलं. फिर्यादी पोट आहे."

मग त्यांनी सांगितलं आणि मी न दिलेल्या यादीच्या पाठीवर लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. दुखणारा माणूस गडाबडा लोळत असेल, एका जागी राहवत नसेल, तर बहुधा मूतखडा. कंबरेतून निघून जांघेत उतरणारी कळ असते ती. अजिबात हलत नसेल, कोणी खाटेला धक्का दिला तरी कळवळत असेल, तर आत काही फुटलंय किंवा सुजलंय, त्याला हात लावू नका, थेट आणा. सुरी खुपसल्यासारखं एका क्षणात वर, छातीखाली सुरू झालं आणि पोट लाकूड झालं, तर जठराचा व्रण फुटलेला असतो. लाटांसारखं येतं-जातं, पोट फुगतं, उलट्या होतात आणि वारा सरत नाही, तेव्हा आतडं अडलेलं. उजव्या बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर, खांद्यापर्यंत जाणारं दुखणं पित्ताशयाचं. दारू पिणाऱ्याचं वरचं पोट दुखून कळ आरपार पाठीत जात असेल तर स्वादुपिंड.

"आणि बाई असेल, पाळी चुकलेली असेल, एका बाजूला दुखून चक्कर आली, चेहरा पांढरा पडला, तर गर्भ नळीत राहून फुटलेला असू शकतो. तिथे तुमच्याकडे चार तास नसतात. अर्धा ताससुद्धा नसतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पन्नाशीच्या माणसाने पोटाच्या वरच्या भागावर हात ठेवून घाम पुसला, तर ते पोट नसून हृदयही असू शकतं. तुमच्या कोठडीत असे मरतात. आणि एक. दुखणं अचानक थांबलं म्हणून कोणी सांगितलं की आनंद मानू नका. का थांबलं ते विचारा."

मी म्हटलं, निदान त्या डागांमुळे तरी कळलं. त्यांनी कप खाली ठेवला. "डागांनी तिचे दोन दिवस खाल्ले, तुम्ही चार तास खाल्लेत. डागांचे आभार मानू नका. तो पोरगा दोन दिवस तिच्याशेजारी बसून कुठे दुखतंय ते विचारत होता. ते कामाला आलं."

साडेआठला मी ठाण्यात परतले. आमचे निरीक्षक वाट बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सुचवलं की मुलगी ठाण्यात आल्याची वेळ जरा पुढची टाकावी, दोन-अडीचच्या सुमाराची. काही बरंवाईट झालं तर कोठडीतल्या मृत्यूसारखी चौकशी लागेल, तुम्ही नवीन आहात, अजून सगळी नोकरी पुढे आहे. मी अकरा वीस लिहिलं. नवऱ्याला मारल्याचंही लिहिलं, मी दारात होते हेही. ते वाचून निरीक्षक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. हवालदार दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आले.

गुन्हा दाखल झाला नाही. माझ्या नोकरीत याहून मोठ्या केसेस झाल्या, खुनाच्याही झाल्या. त्यांच्याबद्दल लोक विचारतात. या केसबद्दल कोणी विचारत नाही, कारण यात आरोपीच नव्हता. मला तिने एकच शिकवलं आणि ते मी पुढे प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक मुलामुलीला सांगत आले. पोलीस माणसाच्या बोलण्यावर संशय घेतो, ते त्याचं कामच आहे. पण अंग जे सांगतं ते आधी खरं धरा. वाकून चालणं, गुडघे जवळ घेणं, खड्ड्याला ओठ चावणं, हे कोणी कोणाला पढवून ठेवत नाही. नाटक निघालं तर आपला तास वाया जातो. नाटक नसलं तर दुसऱ्याचं आयुष्य. आणि जबाब थांबू शकतो. मी वीस वर्षांत थांबल्यामुळे बुडालेला जबाब एकही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी ठाण्यातून रुग्णालयात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, ताप उतरतोय, लघवी होतेय, शुद्धीवर आहे, पाणी मागतेय, देत नाही. नवरा रात्रभर दाराशी बसून होता, हाकलला तरी हलला नाही.

मी फोन ठेवला तेव्हा कोठडीतून आवाज आला. त्या दिवशी मोटारचोराला सिन्नरकडच्या दोन विहिरी दाखवायला न्यायचं होतं. तो गजांशी पोट धरून उभा होता. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, हसले मात्र नाहीत.

मी गजांपाशी गेले. कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखव म्हटलं. कधीपासून? आधी इथंच होतं की सरकलं? उलटी? वारा सरतो का? खोकून दाखव. जागच्या जागी एक उडी मार. त्याने उडी मारली, खोकला, आणि प्रत्येक प्रश्नागणिक त्याचा चेहरा पडत गेला. इतकी चौकशी त्याच्या पोटाची कोणी केली नव्हती.

"जाऊ द्या, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही विचारता विचारता दुखायचं थांबलं बघा."

"कधी थांबलं?"

"आत्ताच."

मी टेबलाशी आले, दोन कागदांमध्ये कार्बन घातला, डॉक्टरांच्या नावे यादी लिहिली, वेळ टाकली सात दहा, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.